जुन्या शब्दांची झाडलोट : आपल्याच संगणकावरून, आपल्याच नियमांनी

उजनी धरणाच्या जलाशयात गेलेले इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे पळसनाथ मंदिर उन्हाळ्यात पाणी फार ओसरले की पुन्हा दिसू लागते. एरवी त्या पाण्याखाली मंदिर आहे, हे परक्या माणसाच्या ध्यानीही येत नाही. समाजमाध्यमांवर आपण लिहून ठेवलेल्या मजकुराची अवस्था काहीशी अशीच आहे. आठ-दहा वर्षांपूर्वी रागाच्या भरात मारलेला शेरा, महाविद्यालयीन वयातील थट्टा, कोणाच्या तरी सभेचे उत्साहाने टाकलेले छायाचित्र हे सारे नव्या मजकुराच्या पाण्याखाली दडलेले असते. निवडणूक लागते, नोकरीची मुलाखत येते, सोयरीक ठरू लागते किंवा गावात वाद उफाळतो. मग कोणीतरी शोधखिडकीत दोन शब्द टाकतो आणि विसरलेले लेखन वर येते.

असा मजकूर ठरावीक मुदतीनंतर आपोआप पुसून टाकणारी साधने गेल्या काही वर्षांत उपलब्ध झाली आहेत. त्यांतील काही दुसऱ्याच्या संकेतस्थळावर चालतात, तर काही आपल्या घरच्या संगणकावर बसवता येतात. या दुसऱ्या पद्धतीला ‘सेल्फ-होस्टिंग’ असे म्हणतात. ही साधने काम कशी करतात, ती स्वतःच्या हाती का ठेवावीत, त्यांनी काय साधते आणि काय साधत नाही, याची माहिती सर्वसामान्य वाचकाला असणे आज गरजेचे झाले आहे.

बारामती-इंदापुरात प्रश्न टोकदार का?

महानगरात लिहिणारा आणि वाचणारा बहुधा एकमेकांना अनोळखी असतात. तालुक्याच्या गावी तसे नसते. येथे पोस्ट लिहिणारा, ती वाचणारा आणि तिच्यामुळे दुखावला जाणारा हे तिघेही एकाच बाजारपेठेत भेटतात. त्यातच या दोन तालुक्यांतील राजकारणाने गेल्या काही वर्षांत घेतलेली वळणे पाहिली, तर जुना मजकूर किती अडचणीचा ठरू शकतो याची कल्पना येते. २ जुलै २०२३ रोजी राष्ट्रवादी काँग्रेस पक्षात फूट पडली. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव व घड्याळ हे चिन्ह अजित पवार यांच्या गटाला दिले. त्याच वर्षी ७ मे रोजी बारामती लोकसभा मतदारसंघात सुप्रिया सुळे व सुनेत्रा पवार या नणंद-भावजयीत, तर २० नोव्हेंबर रोजी विधानसभेसाठी अजित पवार व युगेंद्र पवार या काका-पुतण्यांत लढत झाली. शेजारच्या इंदापुरात हर्षवर्धन पाटील यांनी २०१९ च्या सप्टेंबरमध्ये काँग्रेस सोडून भारतीय जनता पक्षात आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये शरद पवार यांच्या नेतृत्वाखालील राष्ट्रवादीत प्रवेश केला व विधानसभेला दत्तात्रय भरणे यांच्याविरुद्ध निवडणूक लढवली.

नेत्याने पक्ष बदलला की त्याची बातमी होते आणि चार दिवसांत ती जुनी होते. परंतु त्या नेत्यासाठी किंवा त्याच्याविरुद्ध एखाद्या तरुण कार्यकर्त्याने जे लिहिलेले असते, ते त्याच्या नावावर तसेच राहते. कालपर्यंत ज्यांच्यावर तोंडसुख घेतले, त्यांच्याच व्यासपीठावर सतरंजी अंथरण्याची वेळ त्याच्यावर येते. माळेगाव, सोमेश्वर किंवा छत्रपती सहकारी साखर कारखान्याच्या निवडणुकीत पॅनेलांची मांडणी बदलली की हीच तऱ्हा सभासदांची होते. पुढाऱ्याला खुलासा करायला पत्रकार परिषद असते. कार्यकर्त्याजवळ असते ती फक्त आपली जुनी भिंत.

हा प्रश्न राजकारणापुरता मर्यादित नाही. राज्य शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने २८ जुलै २०२५ रोजी शासकीय व निमशासकीय कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराबाबत निर्णय जारी केला. शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करू नये, वैयक्तिक व कार्यालयीन खाती वेगळी ठेवावीत, अशा सूचना त्यात आहेत. नोकरीत येण्यापूर्वी, बेकारीच्या दिवसांत एखाद्याने सरकारला चार शब्द सुनावलेले असू शकतात. परदेशी शिक्षणाचेही असेच आहे. अमेरिकेच्या व्हिसासाठी मागील ५ वर्षांत वापरलेल्या समाजमाध्यम खात्यांची नावे २०१९ पासून अर्जात विचारली जातात. २०२५ च्या जूनपासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना आपली खाती सर्वांना दिसतील अशी ठेवण्यास सांगण्यात आले. विद्या प्रतिष्ठानसारख्या संस्थांतून अभियांत्रिकी शिकून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना हे ठाऊक असलेले बरे.

साधन नेमके करते काय?

या साधनांची कार्यपद्धती सोपी आहे. आज्ञावली प्रथम आपल्या खात्याशी जोडली जाते. ती आपल्या पोस्टची यादी मागवते, प्रत्येकीची तारीख तपासते आणि आपण ठरवलेल्या मुदतीपेक्षा जुन्या असलेल्या पोस्ट एकेक करून पुसण्याची विनंती त्या सेवेला पाठवते. हे काम दररोज रात्री किंवा आठवड्यातून एकदा ठरल्या वेळी आपोआप होते. दिवाळीच्या आधी घराची वर्षभराची जळमटे काढण्यापेक्षा रोज केर काढणे सोपे, हेच त्यामागचे तत्त्व आहे.

खरी उपयुक्तता अपवादांच्या यादीत असते. सरसकट सारे पुसून टाकणे कोणालाच नको असते. वडिलांच्या निधनाची पोस्ट, मुलाच्या दहावीच्या निकालाचे छायाचित्र, गावाच्या पाण्याच्या प्रश्नावर कष्टाने लिहिलेले टिपण हे राहावे असे वाटते. म्हणून बहुतेक साधनांत ‘अमुक पोस्ट कायम ठेवा’, ‘ज्यांना अमुक संख्येपेक्षा जास्त लोकांनी पसंती दिली त्या ठेवा’, ‘स्वतः खूण केलेल्या ठेवा’ असे नियम लावता येतात.

या प्रकारातील एक उल्लेखनीय साधन म्हणजे अमेरिकी पत्रकार व संगणक सुरक्षातज्ज्ञ मिका ली यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘सेमिफेमरल’. नावाचा आशय ‘अर्धे क्षणभंगुर’ असा. ट्विटरवरील जुने लेखन पुसायचे, पण लोकांना भावलेले आणि ज्यावरून चांगला संवाद झाला ते राखायचे, ही त्यामागची कल्पना. ही आज्ञावली मुक्तस्रोत होती आणि वापरणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावर चालत असे.

किल्ली कोणाच्या हाती?

येथे साहजिक शंका येते. एखाद्या संकेतस्थळावर जाऊन बटण दाबले की काम होत असेल, तर स्वतःच्या संगणकावर हा उद्योग मांडायचा कशासाठी? उत्तर ‘टोकन’ या शब्दात आहे. पुसणाऱ्या साधनाला आपल्या वतीने काम करता यावे म्हणून आपण त्याला परवानगी देतो. तिचे रूप म्हणजे अक्षरांची व अंकांची एक लांबलचक ओळ. हीच आपल्या खात्याची दुसरी किल्ली होय. जिच्याजवळ पुसण्याचा अधिकार आहे, तिच्याजवळ अनेकदा वाचण्याचा आणि लिहिण्याचाही अधिकार असतो. परक्या संकेतस्थळाला ती दिली, तर आपले सारे जुने लेखन, त्यातील लाज वाटणाऱ्या भागासह, त्याच्या सर्व्हरवर जाऊ शकते. जे लोकांच्या नजरेआड करायचे, तेच आधी अनोळखी माणसाच्या स्वाधीन करायचे, असा हा विरोधाभास आहे.

ही भीती काल्पनिक नाही. २०१८ मध्ये उघडकीस आलेल्या केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणात फेसबुकने जगभरातील ८ कोटी ७० लाख वापरकर्त्यांची माहिती अयोग्य रीतीने वापरली गेली असण्याची शक्यता मान्य केली. त्यात भारतातील ५,६२,४५५ जण होते. ज्या प्रश्नमंजूषेच्या ॲपमधून हे घडले, ते भारतात बसवणारे होते अवघे ३३५. म्हणजे मूठभरांनी दिलेल्या परवानगीमुळे त्यांच्या मित्रांचीही दारे उघडली गेली. स्वतःच्या संगणकावर साधन चालवले, तर किल्ली घराबाहेर जात नाही. आज्ञावली मुक्तस्रोत असेल, तर ती आत काय करते हे जाणकाराला उघडून पाहताही येते.

कोणत्या माध्यमावर काय शक्य?

सर्वच सेवा बाहेरच्या आज्ञावलीला सारख्याच मोकळेपणाने आत येऊ देत नाहीत. त्यामुळे प्रत्येक माध्यमाचा विचार वेगळा करावा लागतो.

ट्विटर, म्हणजे आताचे एक्स : एकेकाळी हे माध्यम अशा साधनांना सर्वाधिक सोयीचे होते. त्या काळीही बाहेरच्या आज्ञावलीला केवळ शेवटच्या ३,२०० ट्वीटपर्यंतच पोहोचता येई. त्याहून जुन्या ट्वीटसाठी खात्याची संपूर्ण प्रत उतरवून घेऊन त्यातील क्रमांक वापरावे लागत. २०२३ च्या फेब्रुवारीत कंपनीने बाहेरच्या आज्ञावल्यांसाठी असलेला मोफत मार्ग बंद करण्याचे जाहीर केले आणि अशी अनेक साधने बंद पडली. सेमिफेमरलही त्यात गेले. पुढे मिका ली यांनी ‘सिड’ नावाचे नवे साधन आणले. ते आपल्याच संगणकावरील ब्राउझरमधून, जणू आपणच एकेक पोस्ट पुसत आहोत अशा रीतीने काम करते आणि आधी सर्व मजकुराची प्रत जतन करते. त्यातील काही सोयींना शुल्क आहे.

मॅस्टोडॉन व ब्लूस्काय : मॅस्टोडॉनवर मुदतीनंतर पोस्ट आपोआप पुसण्याची सोय खात्याच्या सेटिंगमध्येच दिलेली आहे. मुदत निवडा, अपवाद निवडा, काम झाले. ब्लूस्कायवर मुख्य पासवर्ड न देता केवळ एका ॲपसाठी वेगळा पासवर्ड तयार करता येतो. स्वतःच्या संगणकावर चालणाऱ्या छोट्या आज्ञावलीसाठी ही उत्तम व्यवस्था आहे. शंका आली की तेवढाच पासवर्ड रद्द करता येतो. ज्याला ही विद्या शिकायची आहे, त्याने सुरुवात या दोन माध्यमांवर करावी.

फेसबुक व इन्स्टाग्राम : आपल्याकडील बहुसंख्य जुना मजकूर येथेच असतो आणि व्यक्तिगत पोस्ट पुसण्यासाठी बाहेरच्या आज्ञावलीला अधिकृत दार येथे नाही. मात्र फेसबुकने २०२० च्या जूनमध्ये ॲक्टिव्हिटी लॉगमधून अनेक पोस्ट एकदम निवडण्याची सोय दिली. तारखेनुसार किंवा व्यक्तीनुसार चाळणी लावून पोस्ट संग्रहात हलवता येतात किंवा कचरापेटीत टाकता येतात. कचरापेटीतील पोस्ट ३० दिवसांनी कायमच्या जातात. इन्स्टाग्रामवरही ‘तुमची ॲक्टिव्हिटी’ या विभागात अशीच व्यवस्था आहे. हे काम आपोआप होत नाही, हाताने करावे लागते. वर्षातून एकदा, वाढदिवसाला किंवा पाडव्याला, त्यासाठी एक संध्याकाळ राखून ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

व्हॉट्सॲप : तालुक्याचा खरा चावडीकट्टा हाच. येथे मजकूर आपल्या भिंतीवर नसून प्रत्येक सभासदाच्या फोनमध्ये जातो. ‘सर्वांसाठी पुसा’ ही सोय साधारण अडीच दिवसांपर्यंतच उपलब्ध असते. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या, आपोआप नाहीशा होणाऱ्या संदेशांच्या सोयीत आता २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस अशी मुदत ठेवता येते, पण ती सुरू केल्यानंतरच्या संदेशांना लागू होते. आधीचे संदेश तसेच राहतात. त्यामुळे व्हॉट्सॲपवर पुसण्यापेक्षा लिहिण्यापूर्वीचा संयमच उपयोगी.

घरच्या घरी उभारणी

स्वतः साधन चालवायचे म्हणजे मोठा सर्व्हर आणावा लागतो, ही समजूत चुकीची आहे. जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय यासारखा तळहाताएवढा संगणक पुरतो. असा छोटा संगणक सुमारे ५ वॅट वीज घेतो असे धरले, तर चोवीस तास चालू ठेवूनही महिन्याला ३.६ युनिट इतकाच वापर होतो. तो सतत चालू असावा असेही नाही. रोज रात्री काही मिनिटे काम झाले तरी भागते. वीज गेल्यामुळे एखादी रात्र चुकली, तर दुसऱ्या रात्री राहिलेले काम होते. मात्र अचानक वीज गेल्याने अशा संगणकातील मेमरी कार्ड खराब होऊ शकते. जेथे वीज वारंवार जाते, तेथे बॅटरी असलेला जुना लॅपटॉपच अधिक भरवशाचा.

आणखी एक गैरसमज इंटरनेट जोडणीविषयी आहे. घरच्या ब्रॉडबँडला बाहेरून थेट पोहोचता येईल असा कायमचा पत्ता बहुधा नसतो. म्हणून सर्व्हर चालणार नाही, असे अनेकांना वाटते. पुसणाऱ्या साधनाला अशा पत्त्याची गरजच नसते. ते घरातून बाहेर विनंती पाठवते, बाहेरून कोणी आत यावे लागत नाही. किंबहुना त्यासाठी राउटरवर बाहेरच्यांना दार उघडून देणे टाळावे.

उभारणीचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

१. प्रत आधी, पुसणे नंतर. प्रत्येक सेवेकडून आपल्या खात्याची संपूर्ण प्रत मागवता येते. ती तयार होण्यास काही तास किंवा दिवस लागतात. ती उतरवून घरातील दोन ठिकाणी ठेवावी. पुसलेली पोस्ट परत येत नाही.

२. मुदत ठरवा. बातम्या व राजकारणावरील शेरेबाजीला ६ महिने, इतर मजकुराला १ किंवा २ वर्षे अशी विभागणी करता येते. विभागणी अवघड वाटल्यास सर्वांना १ वर्ष ठेवावे.

३. अपवाद लिहून काढा. कौटुंबिक आठवणी, व्यवसायाची माहिती, ज्यांचा दुवा इतरांनी दिला आहे असे लेख यांवर खूण करावी.

४. रंगीत तालीम करा. चांगल्या साधनात प्रत्यक्ष न पुसता ‘काय काय पुसले जाईल’ याची यादी दाखवण्याची सोय असते. ती यादी शांतपणे वाचावी. अनेकांना स्वतःचे दहा वर्षांपूर्वीचे रूप येथे पहिल्यांदा भेटते.

५. हप्त्याहप्त्याने पुसा. थोड्या वेळात किती विनंत्या स्वीकारायच्या, याची मर्यादा प्रत्येक सेवेने घातलेली असते. हजारो पोस्ट असतील तर पहिली सफाई काही दिवस चालेल. घाई केल्यास खाते तात्पुरते गोठवले जाण्याचा धोका असतो.

६. वेळापत्रक लावा. लिनक्सवर ‘क्रॉन’ आणि विंडोजवर ‘टास्क शेड्यूलर’ ही सोय आधीपासूनच असते. रोजच्या कामाची नोंद एका फाइलमध्ये ठेवावी आणि महिन्यातून एकदा ती पाहावी. टोकनची मुदत संपल्याने साधन गुपचूप बंद पडलेले असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो, असे पुष्कळदा घडते.

७. किल्ली जपा. टोकन वेगळ्या फाइलमध्ये ठेवावे, मदत मागताना त्याचे छायाचित्र कोणाला पाठवू नये. संगणक विकताना किंवा दुरुस्तीला देताना आधी ते सेवेच्या सेटिंगमधून रद्द करावे.

संगणकाची थोडीफार ओळख असलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याला हे काम एका सुटीच्या दिवसात जमण्याजोगे आहे. घरातील मोठ्यांनी ते मुलांकडून करून घ्यावे, पण पासवर्ड स्वतः टाकावा आणि अपवादांची यादी स्वतः करावी.

पुसले म्हणजे गेले का?

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असे आहे. आपण पुसतो ती मूळ प्रत. कोणी स्क्रीनशॉट घेतला असेल, मजकूर पुढे पाठवला असेल, तर त्यावर आपला ताबा नाही. इंटरनेट अर्काइव्हसारख्या संस्था सार्वजनिक पानांच्या प्रती जतन करतात. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तर २०१० मध्ये ट्विटरशी करार करून २०१७ अखेरपर्यंतची सर्व सार्वजनिक ट्वीट साठवली. मॅस्टोडॉनसारख्या विखुरलेल्या जाळ्यात पुसण्याचा निरोप इतर सर्व्हरना जातो, पण तो पाळला जाईलच याची हमी नसते. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे यात आणखी एक भर पडली आहे. २००७ पासूनच्या प्रौढांच्या सार्वजनिक पोस्ट आपल्या प्रणालींच्या प्रशिक्षणासाठी वापरल्याचे मेटा कंपनीने २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील संसदीय समितीसमोर मान्य केले. आज पुसलेली पोस्ट त्या प्रशिक्षणातून मागे घेता येत नाही.

पुण्यातील २०२५ चे एक प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. ‘ऑपरेशन सिंदूर’विषयीचा मजकूर इन्स्टाग्रामवर पुढे पाठवल्याबद्दल मे महिन्यात एका अभियांत्रिकी विद्यार्थिनीला अटक झाली. तिने तो मजकूर काही तासांतच पुसला होता व माफीही मागितली होती. तोवर प्रती फिरू लागल्या होत्या. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिची सुटका केली आणि परीक्षेचा मार्ग मोकळा केला. गाजलेली पोस्ट पुसून परत येत नाही, हा यातला धडा आहे. या साधनांचा उपयोग होतो तो न गाजलेल्या, कोणाच्याही लक्षात नसलेल्या हजारो पोस्टसाठी. उद्या आपल्याविरुद्ध खोदकाम करणाऱ्याच्या हाती कमी लागावे, एवढेच त्यांचे काम. ते लहान वाटले तरी मोलाचे आहे.

कायदा काय सांगतो?

समाजमाध्यमांवरील लेखनासाठी अटक हा महाराष्ट्राला नवा विषय नाही. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिल्यावरून पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली. त्यातून उभ्या राहिलेल्या वादाची परिणती माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द करण्यात झाली. तरीही अन्य कलमांखाली गुन्हे दाखल होत राहिले. २०२२ च्या मे महिन्यात, कोणाचेही नाव न घेता पण बारामतीचा उल्लेख करून केलेल्या एका ट्वीटवरून एका विद्यार्थ्याला अटक झाली आणि जूनमध्ये उच्च न्यायालयाने सुटका करेपर्यंत त्याला महिन्याहून अधिक काळ कोठडीत काढावा लागला.

मग विस्मरणाचा हक्क कायदा देतो काय? युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये गुगलच्या शोधनिकालांबाबत असा हक्क मान्य केला. आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा संमत झाला. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने ठरवलेली आहे. या कायद्याच्या कलम १२ मध्ये आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे. परंतु कलम ३ मधील एक अपवाद फार थोड्यांच्या लक्षात येतो. व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीला हा कायदा लागूच होत नाही, आणि त्यासाठी कायद्याने दिलेले उदाहरण समाजमाध्यमावर स्वतःविषयी लिहिणाऱ्या व्यक्तीचेच आहे. थोडक्यात, आपण चारचौघांत लिहिलेले पुसण्याची जबाबदारी कायद्याने आपल्यावरच सोडली आहे.

एक इशारा मात्र ठळकपणे द्यायला हवा. तक्रार, चौकशी किंवा खटला सुरू असेल, अथवा तो होणार हे दिसत असेल, तर संबंधित मजकूर पुसू नये आणि आपोआप पुसणारे साधन तत्काळ थांबवावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ नुसार, पुरावा म्हणून सादर होऊ नये या हेतूने इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणे हा गुन्हा आहे. अशा वेळी आधी वकिलाचा सल्ला घ्यावा. खाते बंद केले, तरी नोंदणीच्या वेळी दिलेली माहिती कंपनीने १८० दिवस जपून ठेवावी, असेही २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत म्हटले आहे. नियमित वेळापत्रकानुसार वर्षानुवर्षे चाललेली सफाई आणि नोटीस आल्यावर रातोरात केलेली सफाई यांत फरक आहे.

झाडलोट आणि सारवासारव

पुसण्याच्या या सोयीला दुसरी बाजूही आहे. खासगी व्यक्तीने जुने शब्द झाडून टाकणे वेगळे आणि लोकप्रतिनिधीने आपली आश्वासने पुसणे वेगळे. नेदरलँड्समधील ओपन स्टेट फाउंडेशनने २०१० मध्ये सुरू केलेला ‘पॉलिटवूप्स’ हा प्रकल्प राजकारण्यांनी पुसलेली ट्वीट जतन करत असे. २०१५ मध्ये ट्विटरने त्याची वाट अडवली, टीका झाल्यावर त्याच वर्षाअखेरीस ती पुन्हा खुली करण्याची तयारी दाखवली. उमेदवाराने पाण्याविषयी, उसाच्या दराविषयी, रस्त्याविषयी काय म्हटले होते, हे मतदाराला पाहता आले पाहिजे. ज्याने मत मागितले, त्याच्या सार्वजनिक शब्दांवर मतदाराचाही हक्क असतो. जो कार्यकर्ता उद्या स्वतः उमेदवार होऊ इच्छितो, त्याने हा भेद आजच ओळखावा.

सामान्य माणसाची गोष्ट निराळी आहे. पूर्वी पारावर बोललेले शब्द पाण्यावरच्या रेघेसारखे विरून जात. बोलणाऱ्याचे वय वाढे, मत बदले, भांडण मिटे आणि गाव ते विसरून जाई. विसरण्याची ही सवय समाजाला एकत्र ठेवत असे. समाजमाध्यमांनी तीच पारावरची भाषा दगडावर कोरायला सुरुवात केली. भाषा सैल राहिली आणि नोंद पक्की झाली, ही आजच्या अनेक तंट्यांची मुळाशी असलेली विसंगती आहे. जुन्या पोस्ट मुदतीनंतर पुसणारे साधन ही विसंगती थोडी कमी करते. आणि ते स्वतःच्या संगणकावर असेल, तर काय विसरायचे आणि काय जपायचे, याचा निर्णय कंपनीकडे किंवा एखाद्या अनोळखी संकेतस्थळाकडे न जाता ज्याचा त्याच्याकडे राहतो.

ज्यांना यातील काहीच करणे शक्य नाही, त्यांनी निदान दोन गोष्टी या आठवड्यात कराव्यात. आपल्या प्रत्येक खात्याची संपूर्ण प्रत मागवून ठेवावी. आणि सेटिंगमध्ये जाऊन आजवर किती ॲप्सना आपल्या खात्याची किल्ली दिली आहे ते पाहावे व अनावश्यक परवानग्या रद्द कराव्यात. त्या यादीत वर्षानुवर्षांपूर्वीच्या प्रश्नमंजूषा आणि भविष्य सांगणारी ॲप्स आढळली, तर आश्चर्य वाटून घेऊ नये.